वेलींचं वय, मळ्यांची नावं

वाइनच्या बाटलीवर एखाद्या मळ्याचं नाव छापलेलं दिसलं की वाटतं, ही रीत त्या मळ्याइतकीच जुनी असणार. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा भागाचा इतिहास वाचत गेलो तेव्हा मला वेगळंच चित्र दिसलं. तिथल्या काही वेली १८४० च्या दशकात लावलेल्या आहेत आणि आजही त्यांना फळ येतं. जगातल्या सर्वांत जुन्या शिराझ वेलींमध्ये त्यांची गणना होते. पण या भागातल्या एखाद्या मळ्याची द्राक्षं वेगळी आंबवायची, वेगळ्या बाटलीत भरायची आणि त्या मळ्याच्या नावाने विकायची, ही कल्पना रुजायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. मधल्या शंभरेक वर्षांत त्या वेली बाजाराच्या लेखी निनावी होत्या. त्यांची द्राक्षं दुसऱ्या कुणाच्या टाकीत पडत आणि दुसऱ्या कुणाच्या नावाने विकली जात. पुढे वाईट दिवस आले तेव्हा अशा निनावी वेली सरकारी अनुदान घेऊन उपटून टाकणंही सोपं गेलं.

वेली जगतात कशा आणि त्यांना नावं मिळतात कशी, हे दोन वेगळे इतिहास आहेत. बरोसात ते एकमेकांत गुंतले, आणि त्या गुंत्यातून आजच्या प्रसिद्ध 'एका मळ्याच्या' तांबड्या वाइन निघाल्या.

माझं लहानपण नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गेलं. द्राक्षबाग म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे मांडव येतो, एप्रिलमधली खरड छाटणी येते, ऑक्टोबरमधली गोडी छाटणी येते. आमच्या हवेत वेल पूर्ण झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटून तिला आपल्या वेळापत्रकात बसवावं लागतं. पंधरा-वीस वर्षांत बाग 'म्हातारी झाली' म्हणतात आणि काढून नवी लावतात. बरोसात हिवाळ्यात पानं गळतात, वेल झोपते, आणि छाटणी वर्षातून एकदाच होते. तिथल्या जुन्या वेलींना मांडवही नाही. कमरेएवढं, पिळवटलेलं, काळपट खोड झुडपासारखं स्वतःच्या बळावर उभं असतं. आपल्या पणज्याच्याही आधीच्या माणसाने लावलेली वेल आपण छाटतो आहोत, हा अनुभव आमच्याकडच्या बागायतदाराला येऊच शकत नाही. मला या इतिहासात रस वाटला तो इथूनच.

या वेली लावणारी माणसं मुळात द्राक्षवाली नव्हती. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याने आपल्या राज्यातले ल्युथरन आणि रिफॉर्म्ड हे दोन पंथ एकत्र करून एकच उपासनापद्धत लादली. ती न मानणाऱ्या 'जुन्या ल्युथरन' पाद्र्यांना आणि गावकऱ्यांना त्रास सुरू झाला. त्यांच्यातला एक पाद्री, आउगुस्ट काव्हेल, लंडनला जाऊन जॉर्ज फाइफ अँगस या श्रीमंत व्यापाऱ्याला भेटला. १८३६ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण ऑस्ट्रेलिया वसाहतीला कष्टाळू शेतकरी हवे होते आणि काव्हेलच्या माणसांना आपल्या पद्धतीने प्रार्थना करता येईल अशी जागा हवी होती. अँगसने पैसे पुढे केले आणि १८३८ मध्ये पहिली जहाजं पोचली. १८४२ मध्ये बरोसात बेथनी हे गाव वसलं. त्याची आखणी थेट मायदेशातल्यासारखी होती: रस्त्याकडेला घरं आणि प्रत्येक घरामागे ओढ्यापर्यंत जाणारी शेताची लांब पट्टी. पुढच्याच वर्षी आजच्या टानुंडा गावाजवळ लांगमाइल वसलं. तिथे क्रिस्टियान आउरिख्ट नावाच्या लोहाराने १८४३ मध्ये शिराझ लावली. त्या वेली आजही उभ्या आहेत आणि त्यांच्या वाइनचं नाव आहे 'फ्रीडम १८४३'. देश सोडून आलेल्या माणसाने लावलेल्या वेलीला हे नाव देणाऱ्यांनी इतिहास नीट वाचला होता, एवढं खरं.

सायलेशिया आणि आसपासच्या भागांतून आलेली ही कुटुंबं गहू, बटाटे, भाजी, डुकरं, गाई सांभाळत. त्या मिश्र शेतीत द्राक्षाचा एक तुकडा असे. एखाद्या वर्षी गहू बुडाला तर द्राक्षं हात देतील, असा साधा हिशेब होता.

वेलींच्या काड्या युरोपातून आलेल्या होत्या. जेम्स बस्बी नावाच्या माणसाने १८३१ मध्ये स्पेन आणि फ्रान्समध्ये फिरून शेकडो जातींच्या काड्या गोळा केल्या आणि पुढच्या वर्षी त्या सिडनीला पोचल्या. तिथून अशा काड्या हळूहळू इतर वसाहतींत पसरल्या. शिराझ ही त्यांतलीच एक. शिराझ म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाला हाफिजचं शहर आठवणार आणि पर्शियाहून आलेल्या वेलीची दंतकथाही खूप वर्षं चालली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या डीएनए तपासणीत मात्र तिचे आईबाप आग्नेय फ्रान्समधल्या दोन साध्या जाती निघाल्या. शिराझ शहराशी तिचं नातं फक्त नावापुरतं आहे.

नावाची गंमत खोऱ्याच्या नावापासूनच सुरू होते. कर्नल विल्यम लाइटने १८३७ मध्ये या डोंगररांगेला 'बरोसा' नाव दिलं ते स्पेनमधल्या १८११ सालच्या एका लढाईवरून, आणि लिहिताना त्याचं स्पेलिंग चुकलं. म्हणजे प्रशियातल्या शेतकऱ्यांनी फ्रेंच वेली लावलेल्या भागाला एक चुकीचं लिहिलेलं स्पॅनिश नाव होतं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या पेरामांक, न्गाजुरी आणि कौर्ना लोकांची त्या जागांसाठी स्वतःची नावं होती. ती कुणी विचारली नाहीत. वसाहत वाढली तशी त्यांची जमीन गेली. 'सहा पिढ्यांची शेती' हे शब्द बरोसात अभिमानाने उच्चारले जातात. त्या सहा पिढ्यांची मोजणी जिथून सुरू होते तिथे दुसऱ्या कुणाची मोजणी तुटलेली आहे, हे मला विसरता येत नाही.

वेली जगल्या याचं पहिलं श्रेय एका कायद्याला आणि नशिबाला जातं. १८६० च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिणेत वेली कारण नसताना वाळू लागल्या. मुळांवर जगणारी फिलॉक्सेरा ही अमेरिकेतून आलेली बारीक कीड त्यामागे होती. पुढच्या काही दशकांत युरोपातल्या बहुतेक द्राक्षबागा तिने संपवल्या. अमेरिकी वेलींना या किडीची सवय होती, म्हणून शेवटी उपाय निघाला तो असा की अमेरिकी जातीचा खुंट खाली आणि युरोपी जातीचं कलम वर. नाशिककडच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. आमच्याकडेही डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात. फक्त आमचं कारण जमिनीतले क्षार आणि पाण्याचा ताण हे आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या जिलाँगजवळ १८७७ मध्ये ही कीड सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने धसका घेतला. बाहेरून वेली आणण्यावर कडक बंदी घातली आणि १८९९ मध्ये त्यासाठी खास कायदा करून मंडळ नेमलं. ते राज्य आजपर्यंत या किडीपासून मुक्त राहिलं आहे. त्यामुळे शिराझ ज्या फ्रान्समधून आली तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या वेली जवळजवळ उरल्या नाहीत, आणि बरोसात त्या स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. माहेर उजाड झालं आणि सासरी वंश टिकला, असं काहीसं झालं.

दुसरं श्रेय काटकसरीला. जुनी बाग काढून नवी लावायची तर पैसा लागतो आणि तीन-चार वर्षं उत्पन्नाविना काढावी लागतात. लहान शेतकऱ्याला ते परवडत नव्हतं. शिवाय विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये मागणी होती ती पोर्टसारख्या, वरून ब्रँडी घातलेल्या गोड वाइनची. त्यासाठी उन्हात पिकलेली, साखर भरलेली शिराझ आणि ग्रनाश उपयोगी पडत. वेल कामाची होती, म्हणून राहिली. कुटुंब पुढच्या पिढीला जमिनीबरोबर वेलीही देत गेलं. या टिकण्यात प्रेम होतं, पण हिशेब जास्त होता. वय वाढलं म्हणजे वेल आपोआप चांगली होते असंही नाही. दर वर्षी शेतकरी आजारी आणि आळशी वेली काढून टाकतो. शंभर वर्षांनंतर जी रांग उरते ती अनेक पिढ्यांनी निवडलेली असते. जुन्या वेलीच्या वाइनमध्ये आपण वयाला जे श्रेय देतो, त्यातला मोठा वाटा या निवडीचा आहे, असं मला वाटतं.

पहिल्या महायुद्धात या माणसांवर वेगळंच संकट आलं. तीन पिढ्या ऑस्ट्रेलियात राहूनही ती घरात आणि चर्चमध्ये जर्मन बोलत. १९१७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ल्युथरन शाळा बंद केल्या. त्याच वर्षी गावांची नावं बदलण्याचा कायदा झाला आणि ६९ जर्मन नावं नकाशावरून पुसली गेली. हानडॉर्फचं अँबलसाइड झालं. कायझरश्टूल या डोंगराला लॉर्ड किचनरचं नाव मिळालं. ऱ्हाइन नावाच्या दोन लहान नद्यांना, ज्या रणभूमीवर जर्मनांशी युद्ध चालू होतं तिथल्या, मार्न आणि सोम या नद्यांची नावं दिली. ग्नाडेनफ्रायचं मारानंगा झालं आणि लांगमाइलचं बिलयारा. ही शेवटची दोन नावं आदिवासी भाषांतून घेतलेली आहेत. ज्या लोकांची जमीन घेतली, ज्यांच्या भाषा बोलणं अवघड करून ठेवलं, त्यांचेच शब्द शत्रूची नावं झाकायला वापरले गेले. काही जर्मन नावं पुढे परत आली. हानडॉर्फ १९३५ मध्ये पुन्हा हानडॉर्फ झालं. भाषा मात्र तशी परतली नाही. बरोसातली जर्मन हळूहळू म्हाताऱ्यांच्या तोंडी, काही पदार्थांच्या नावांत आणि थडग्यांवरच्या अक्षरांत उरली.

आता हेन्शके कुटुंबाकडे वळतो. योहान क्रिस्टियान हेन्शके १८४१ मध्ये सायलेशियाहून निघाला. पुढे त्याने कीनटनजवळ जमीन घेतली आणि १८६८ मध्ये आपली पहिली वाइन विकली. जवळच एका साध्या ल्युथरन चर्चसमोर निकोलाउस स्टानिट्झकी नावाच्या स्थलांतरिताने १८६० च्या सुमारास शिराझ लावली होती. तो मळा पुढे हेन्शकेंकडे आला. चर्चचं नाव ग्नाडेनबर्ग. सायलेशियातल्या एका गावावरून आलेलं. ग्नाडे म्हणजे कृपा आणि बर्ग म्हणजे डोंगर.

चौथ्या पिढीतल्या सिरिल हेन्शकेच्या काळापर्यंत घरची वाइन मुख्यतः पिंपांनी, घाऊक विकली जाई. १९५० च्या दशकात त्याने ठरवलं की गोड वाइनच्या मागे न लागता साधी, कोरडी तांबडी वाइन करायची, आणि ज्या मळ्याची द्राक्षं त्याच मळ्याच्या नावाने ती विकायची. १९५२ मध्ये माउंट एडलस्टोन निघाली. तो मळा १९१२ मध्ये लावला होता रोनाल्ड अँगसने, म्हणजे ज्या अँगसने काव्हेलच्या माणसांना पैसे पुरवले होते त्याच्याच वंशजाने. १९५८ मध्ये ग्नाडेनबर्ग चर्चसमोरच्या जुन्या वेलींची पहिली वाइन भरली गेली. तिचं नाव 'हिल ऑफ ग्रेस'.

ही दोन्ही नावं भाषांतरं आहेत. एडलस्टाइन म्हणजे रत्न. त्यातला अर्धा शब्द इंग्रजी केला आणि एडलस्टोन झालं. ग्नाडेनबर्गचं शब्दशः इंग्रजी केलं आणि हिल ऑफ ग्रेस झालं. १९१७ नंतर अवघी चाळीस वर्षं झाली होती आणि दुसऱ्या महायुद्धाला तेराच. मूळ जर्मन नाव लेबलवर छापून बाटली विकणं तेव्हा सोपं गेलं नसतं, असा माझा तर्क आहे. सिरिलच्या मनात काय होतं ते कुणी सांगावं. पण कायद्याने पुसलेल्या नावांच्या मुलखातून एक नाव दुसऱ्या भाषेचा अंगरखा घालून बाहेर पडलं आणि जगभर गेलं. अनेक भाषांत जगणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांना यातली सोय आणि यातलं दुःख, दोन्ही कळेल.

तो काळ दुसऱ्या एका विचाराचाही होता. बरोसातच जन्मलेल्या आणि जर्मन वंशाच्याच मॅक्स शूबर्टने १९५१ मध्ये पेनफोल्ड्स कंपनीसाठी ग्रेंजची पहिली, प्रायोगिक वाइन केली. ग्रेंज हे मिश्रण आहे. वेगवेगळ्या मळ्यांतली, वेगवेगळ्या भागांतली उत्तम द्राक्षं निवडून दरवर्षी एक विशिष्ट शैली साधायची, हे तिचं तत्त्व. त्यात नाव शैलीचं आणि कंपनीचं असतं. हिल ऑफ ग्रेसमध्ये नाव जमिनीचं आहे. तो मळा सगळा मिळून आठ हेक्टरांचा, आणि त्यात ही शिराझ निम्म्याच जागेत. द्राक्षं साधली नाहीत तर बाहेरून आणून भर घालता येत नाही. २००० आणि २०११ या वर्षांची हिल ऑफ ग्रेस म्हणूनच बाजारात आली नाही. चवीच्या दृष्टीने दोन्ही रस्ते चांगले आहेत आणि ग्रेंजचा मान कमी नाही. पण वेलीच्या दृष्टीने फरक पडतो. मिश्रणातून एक मळा वगळला तरी बाटलीवरचं नाव तसंच राहतं. बाटलीवर मळ्याचंच नाव असेल तर मळा उपटताच बाटलीही संपते.

हा फरक किती खोल आहे ते पुढच्या तीस वर्षांत दिसलं. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियन लोक पांढऱ्या वाइनकडे वळले आणि तांबड्या द्राक्षांचा भाव कोसळला. कीटकांनी शंभर वर्षांत जे केलं नव्हतं ते बाजाराने सुरू केलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बरोसातल्या सॉल्ट्रम वायनरीच्या मालकांनी वाइनमेकर पीटर लेमनला सांगितलं की यंदा बागायतदारांकडून द्राक्षं घेऊ नकोस. लेमन पाद्र्याचा मुलगा, पाच पिढ्या बरोसात राहिलेल्या घरातला. बागायतदारांशी त्याचे व्यवहार लेखी करारावर चालत नसत, दिलेल्या शब्दावर चालत. शब्द मोडायचा नाही म्हणून त्याने भागीदार जमवून वेगळी कंपनी काढली आणि द्राक्षं घेतली. कंपनीला नाव दिलं मास्टरसन, 'गाइज अँड डॉल्स' या संगीतिकेतल्या जुगाऱ्याचं. जुगार होताच. तो लागला नसता तर कितीतरी घरांच्या वेली त्याच वर्षी संपल्या असत्या.

सगळ्यांना लेमन भेटला नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सरकारनेच योजना आणली: द्राक्षबाग उपटा आणि हेक्टरी पैसे घ्या. अनेकांनी घेतले. उपटल्या गेलेल्यांत शंभरी गाठलेल्या शिराझ आणि ग्रनाशच्या वेलीही होत्या. शेतकऱ्यांना दोष देणं मला पटत नाही. कर्ज डोक्यावर होतं, द्राक्षाला गिऱ्हाईक नव्हतं, आणि पणजोबांची वेल असली तरी भाव नव्या वेलीएवढाच किंवा कमी. आमच्याकडे अवकाळी पावसानंतर बाग काढण्याचा निर्णय घेणाऱ्या घरांत मी ती शांतता पाहिलेली आहे. तिथे कुणी रडत नाही. फक्त कुऱ्हाड कुणी चालवायची यावर बोलणं होत नाही.

त्याच दशकात काही लोक उलट दिशेने निघाले. रॉबर्ट ओकॅलहनने १९८४ मध्ये रॉकफर्ड ही लहान वायनरी सुरू केली आणि जुन्या वेलींची द्राक्षं चांगल्या भावाने घेतली. सेंट हॅलेटने 'ओल्ड ब्लॉक' नावाने जुन्या वेलींची शिराझ विकायला सुरुवात केली. टर्की फ्लॅटचं शुल्झ कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या खाटिकाचा धंदा करत होतं. त्यांच्या जमिनीत १८४७ च्या वेली होत्या आणि द्राक्षं दुसऱ्यांना जात. १९९० मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने वाइन काढली. एकदा 'जुनी वेल' या शब्दांना भाव आला तशी त्यांची व्याख्या करणंही गरजेचं झालं. २००९ मध्ये बरोसाने वेलींच्या वयाची सनद केली: ३५ वर्षांपुढची जुनी, ७० पुढची तगलेली, १०० पुढची शतायुषी आणि १२५ पुढची पूर्वज. नोंद झाल्यामुळे आता एखादी जुनी बाग कुणाच्या लक्षात न येता नाहीशी होणं अवघड झालं. लांगमाइलमध्ये २००६ मध्ये घरबांधणीच्या वाटेत आलेल्या १८६० च्या दशकातल्या वेलींच्या रांगा मातीसकट उचलून नदीकाठी नेऊन लावल्या आणि त्या जगल्या. त्यांच्या वाइनचं नाव 'ऑर्फन बँक', अनाथांचा काठ. वीस वर्षांपूर्वी ज्या वेली उपटायला सरकार पैसे देत होतं, त्याच वयाच्या वेली वाचवायला आता मालक स्वतःचे पैसे घालत होता.

भाव वाढल्याने सगळं न्याय्य झालं असं मी म्हणणार नाही. हिल ऑफ ग्रेस आज ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत महाग वाइनींपैकी एक आहे. ती पिणाऱ्यांत कीनटनचा बागायतदार क्वचितच असेल. ज्या बागायतदारांची द्राक्षं मिश्रणात जातात त्यांची नावं अजूनही कुठे छापलेली नसतात. आणि पेरामांकांच्या जमिनीच्या नावाने कुणी बाटलीला किंमत लावत नाही. तरीही एक गोष्ट या इतिहासातून स्पष्ट होते. किडीपासून कायद्याने वाचवलं, पैशांच्या टंचाईने आणि काटकसरीने वाचवलं, लेमनच्या शब्दाने वाचवलं. पण या सगळ्यांनी वेल एकेका संकटातून पार पडली. पुढचं संकट येण्याआधीच तिला किंमत मिळवून दिली ती नावाने.

नाशिकमध्ये मोठ्या प्रमाणावर वाइन होऊ लागल्याला आता पाव शतक झालं. 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ'च्या बाटलीवर एका तालुक्याचं नाव आलं, ही छोटी गोष्ट नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नर ही नावं दुसऱ्या राज्यांत बहुधा कांद्याच्या भावामुळेच माहीत असतात. तालुक्यापासून गावापर्यंत आणि गावापासून एखाद्या घराच्या बागेपर्यंत हे नाव उतरेल का, मला माहीत नाही. आमच्या हवेत वेल सव्वाशे वर्षं जगणारही नाही कदाचित. पण ती तीस-चाळीस वर्षं ठेवायची असेल, तर तिसाव्या वर्षी घटलेल्या मालाला जास्त भाव देणारा कुणीतरी हवा. आणि तो तसा भाव तेव्हाच देईल, जेव्हा त्याला ती बाग नावाने ओळखू येईल.